राखणीचे दान : सुरतेच्या इतिहासातून एक विचार

ख्रिस्ती मंडळीत दानाचा विषय निघाला म्हणजे काही ठराविक कार्ये आपल्या डोळ्यांसमोर येतात. भुकेल्यास अन्न, रोग्यास औषध, मुलांस शिक्षण आणि उपासनेसाठी मंदिर, ही ती कार्ये होत. यांपैकी एकाविषयीही दुमत असण्याचे कारण नाही. परंतु जुन्या वास्तूंची निगा, रानावनातील जीवांचे रक्षण, गावाभोवतीच्या तळ्यांची व झाडीची जोपासना अशी कामे करणाऱ्या विश्वस्त संस्थांना ख्रिस्ती माणसाने आपल्या मिळकतीतून काही द्यावे काय, असा प्रश्न विचारला तर बहुतेक ठिकाणी उत्तर संकोचाने येते. दगड आणि पाखरे यांची काळजी वाहणे ही सुखवस्तू लोकांची हौस आहे, मंडळीचा पैसा त्यासाठी नाही, अशी समजूत आपल्यात खोल रुजलेली आहे.

ही समजूत तपासून पाहण्यास सुरत शहराचा इतिहास फार उपयोगी पडतो. तापीकाठचे हे बंदर सोळाव्या व सतराव्या शतकांत पश्चिम भारताच्या व्यापाराचे प्रमुख ठाणे होते. हाजचे यात्रेकरू येथून निघत. इंग्रज, डच, फ्रेंच व आर्मेनियन व्यापारी येथे वखारी घालून राहत. मराठी वाचकाला सुरत आठवते ती 1664 आणि 1670 या दोन सालांमुळे. आज खानदेशातून कापडधंद्यासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे उधना व लिंबायत या भागांत राहतात, आणि त्यांच्यासाठी सुरत हे आपलेच गाव झाले आहे. या शहराने दानाचे दोन प्रकार पाहिले. एक उभारणारे दान आणि दुसरे राखणारे दान. या दोहोंचे पुढे काय झाले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

वाचलेली दोन घरे

जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा मोगल अंमलदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि शहर उघडे पडले. या प्रसंगाविषयी फ्रेंच प्रवासी बर्निए याने दोन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. पहिली अशी की, कपुचिन संघाचे फादर अँब्रोझ यांच्या मठाला महाराजांनी धक्का लावू दिला नाही, कारण हे पाद्री सज्जन आहेत असे त्यांचे मत होते. दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या अधिक जवळची आहे. डचांच्या एका हिंदू दलालाचे घरही लुटीतून वगळण्यात आले. तो दलाल त्या वेळी हयात नव्हता. परंतु जिवंतपणी तो मोठा दानधर्मी होता, असे महाराजांस सांगण्यात आले होते.

एका प्रवाशाच्या लेखणीतून आलेली ही हकीकत असल्याने तिचे वजन आपण जपूनच करावे. तरीही तिच्यातील एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. दाता मरून गेल्यावरही त्याच्या दानाने त्याचे घर राखले, ते गावाच्या आठवणीमुळे. ज्यांनी ते दान घेतले होते, त्यांनी त्याची साक्ष दिली. आठवण ठेवणारा समाज मागे असेल तरच दान दात्यानंतर टिकते. हे सूत्र पुढच्या सर्व उदाहरणांत कामास येईल.

कतारगाम दरवाज्याजवळच्या कबरी

त्या जानेवारीत इंग्रजांची वखार ज्याने लढवून राखली, तो सर जॉर्ज ऑक्झेंडन 1669 साली सुरतेतच मरण पावला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर दहा वर्षे आधी, 1659 मध्ये, वारला होता. कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रजी दफनभूमीत या दोघा भावांवर एकच भव्य इमारत उभी आहे. तिला दोन मजले आहेत, वर घुमट आहे, जाडजूड खांब आहेत आणि उंची सुमारे चाळीस फूट भरते. गावातील मुसलमानी मकबऱ्यांची धाटणी तिने उचललेली दिसते. व्यापारासाठी आलेल्या या परक्यांना स्थानिक उमरावांच्या तोडीस तोड दिसायचे होते, हे उघड आहे.

डचांना ही बरोबरी सहन झाली नाही. त्यांचा उच्चाधिकारी हेंड्रिक आद्रियान व्हान ऱ्हेडे डिसेंबर 1691 मध्ये सुरतेकडे येत असताना जहाजावरच मृत्यू पावला. तेव्हा त्यांनी त्याच्यावर ऑक्झेंडन बंधूंच्या इमारतीहून मोठी इमारत बांधली. दुहेरी घुमट, खालीवर सज्जे, खांबांची रांग असा तिचा थाट होता. एकेकाळी तिच्या भिंतींवर चित्रे आणि पवित्र शास्त्रातील वचने रंगविलेली होती, खिडक्यांना कोरीव लाकूडकाम होते.

आज ती वचने वाचावयास उरलेली नाहीत. याचे कारण समजणे कठीण नाही. इंग्रजांनी 1687 साली आपले मुख्य ठाणे मुंबईस नेले. डचांनी 1825 साली सुरत सोडली. ज्यांनी या इमारती उभ्या केल्या ते निघून गेले, आणि ज्यांच्यामध्ये त्या उभ्या राहिल्या त्यांचा त्यांच्याशी जिव्हाळ्याचा काही संबंध नव्हता. उभारणारे दान भरपूर होते, पण राखणाऱ्याची तरतूद झाली नव्हती. आज ही दोन्ही दफनस्थाने व शेजारची आर्मेनियन कबरस्थाने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. म्हणजे ज्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांनी आपला मोठेपणा दाखविण्यासाठी हे घुमट बांधले, त्यांच्या कबरी शेवटी ज्या देशात ते उपरे होते त्या देशाच्या करदात्याने राखल्या. ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी कृतज्ञतेने आणि काहीशा संकोचाने मान्य करावी.

आर्मेनियन कबरस्थानात घुमटांचा थाट कमी आणि जमिनीलगतच्या शिळा अधिक आहेत. त्यांपैकी एक शिळा 1579 सालची आहे आणि ती वोस्कान नावाच्या धर्मगुरूच्या पत्नीची आहे. पत्नी ही पतीचा मुकुट आहे, या नीतिसूत्रांतील उपमेचा तिच्यावर उल्लेख आहे. मेस्रोव्ह सेथ या कलकत्त्याच्या आर्मेनियन अभ्यासकाने भारतभरच्या अशा शिळा हिंडून वाचल्या आणि 1937 साली आपल्या ग्रंथात छापल्या. त्यामुळेच एका धर्मगुरूच्या संसारातील हे दुःख आज आपल्याला कळते. सेथने कोणतीही इमारत बांधली नाही. अक्षरे झिजून जाण्यापूर्वी ती उतरवून घेतली, एवढेच. राखणीचे काम पुष्कळदा असे असते.

व्हान ऱ्हेडेचे खरे स्मारक

व्हान ऱ्हेडेच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडली. त्याच्या देहावरचा घुमट झिजला, पण त्याने राखलेली एक वेगळी संपत्ती टिकून राहिली. तो मलबारात डच सत्तेचा प्रमुख असताना त्याने तेथील वनस्पतींची नोंद करविण्याचे काम हाती घेतले. त्यातून ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ तयार झाला. पहिला खंड 1678 साली आम्स्टरडॅममध्ये छापला गेला आणि अखेरचा त्याच्या मृत्यूनंतर 1693 साली निघाला. त्यात 742 वनस्पतींची सचित्र वर्णने आहेत.

हे काम त्याने एकट्याने केले नाही. मॅथ्यू नावाचे कार्मेलाइट धर्मगुरू आरंभी त्याचे साहाय्यक होते. औषधींचे ज्ञान इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याने पुरविले. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मणांनीही आपली विद्या दिली. या तिघांचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेले आहे, ही आपल्या भाषाभगिनीच्या इतिहासातील मोलाची नोंद होय. प्रोटेस्टंट अधिकारी, कॅथलिक धर्मगुरू, मल्याळी वैद्य व कोकणी पंडित एका कामासाठी एकत्र बसले, आणि जे ज्ञान घराण्याघराण्यांत तोंडी चालत होते ते कागदावर आले. पुढे केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी अनेक वर्षे खपून या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. ते 2003 साली केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले. सव्वातीनशे वर्षांनी लॅटिनच्या कड्याआड राहिलेले ज्ञान जेथून निघाले होते त्या देशाच्या वाचकांकडे परत आले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. व्हान ऱ्हेडे व्यापारी कंपनीचा अधिकारी होता, आणि मलबारची औषधी झाडे जाणून घेण्यात कंपनीचा स्वार्थही होता. तरीही आपल्या सत्तेतील साधनांचा काही वाटा त्याने सृष्टीचे ज्ञान राखण्यास लावला. सुरतेच्या घुमटाहून हे त्याचे खरे स्मारक ठरले.

पांजरापोळ आणि पंचाहत्तर वर्षांचे कासव

आता ज्या दानाची परदेशी प्रवाशांनी थट्टा केली, त्याकडे वळू. सुरतेत म्हाताऱ्या व रोगी जनावरांसाठी वाणी-जैन समाजाने चालविलेली पांजरापोळ होती. 1689 साली येथे आलेला इंग्रज धर्मोपदेशक ओव्हिंग्टन याने आपल्या प्रवासवर्णनात तिचे वर्णन केले आहे. गाई, घोडे, शेळ्या व कुत्री यांची तेथे सोय होती; इतकेच नव्हे, तर ढेकूण-पिसवांसाठीही वेगळे स्थान होते आणि त्यांना रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरीब माणसास पैसे देऊन रात्रभर निजविले जाई, असे तो सांगतो. युरोपातील वाचकांची यावर पुढे पुष्कळ करमणूक झाली.

या थट्टेत काहीच तथ्य नव्हते असे नाही. गरीब माणसाचे रक्त पिसवांना पाजणारी दया कोठेतरी वाट चुकली आहे, असे म्हणणे भाग आहे. परंतु हसणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. 1772 सालच्या एका वर्णनात या संस्थेतील प्राण्यांची यादी आहे. घोडे, खेचरे, बैल, मेंढ्या, शेळ्या, माकडे, कोंबड्या, कबुतरे यांच्याबरोबर तीत एक वृद्ध कासव येते. ते तेथे पंचाहत्तर वर्षे असल्याचे सांगितले जात होते. हिशेब केला तर ते 1697 च्या सुमारास, म्हणजे व्हान ऱ्हेडेवर घुमट चढला त्याच काळात, पांजरापोळीत आलेले असले पाहिजे. या पाऊणशे वर्षांत मोगल सत्ता खिळखिळी झाली, मराठ्यांच्या स्वाऱ्या झाल्या, 1759 साली सुरतेचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. कासवाला खाऊ घालणारे हात पिढ्यापिढ्यांनी बदलले असतील, पण खाऊ घालणे थांबले नाही.

हे कशामुळे शक्य झाले? गुजरातेतील पांजरापोळी एखाद्या धनिकाच्या एकवेळच्या देणगीवर चालत नसत. व्यापाऱ्यांचे महाजन मालाच्या देवघेवीवर ‘लागा’ नावाची लहानशी पट्टी बसवी. प्रत्येक व्यवहारातून थोडेसे बाजूला पडे आणि त्याचा ओघ संस्थेकडे चालू राही. मुंबईत 1834 साली शेठ मोतीशा आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने पांजरापोळ निघाली, तेव्हाही व्यापारावरील अशाच पट्टीचा आधार घेण्यात आला. घुमट बांधणाऱ्यांनी एकदाच पुष्कळ दिले. पांजरापोळ चालविणाऱ्यांनी थोडे, पण रोज दिले. राखणीला दुसऱ्या प्रकारचे दान लागते, हा सुरतेच्या इतिहासाचा धडा आहे.

अर्वाचीन संस्था

गेल्या दीडशे वर्षांत हेच तत्त्व निराळ्या स्वरूपात पुढे आले. पाळीव जनावरांवरील दयेपासून वन्य जीव व त्यांची वसतिस्थाने राखण्याकडे विचार वळला. मुंबईत 1883 साली आठ गृहस्थांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी वैद्य होते. आपल्या धर्मगुरूंपैकी फादर सांतापाव यांनी खंडाळा व पुरंदर येथील वनस्पतींची शास्त्रीय नोंद केली, आणि पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. व्हान ऱ्हेडेच्या काळी मॅथ्यू यांनी जे आरंभिले, त्याच परंपरेतील हे काम होते.

इंग्लंडात 1895 साली नॅशनल ट्रस्ट ही संस्था निघाली. तिच्या तिघा संस्थापकांपैकी हार्डविक रॉन्स्ली हे ग्रामीण भागात काम करणारे धर्मगुरू होते. या संस्थेने विकत घेतलेली पहिली इमारत म्हणजे अल्फ्रिस्टन गावातील धर्मगुरूचे चौदाव्या शतकातील पडके घर होय. 1896 साली ते अवघ्या दहा पौंडांस मिळाले. दुरुस्तीस मात्र त्याच्या कित्येक पट रक्कम लागली आणि ती लोकांकडून वर्गणीने उभी करावी लागली. मिळविणे स्वस्त असते, राखणे महाग असते, हे या एका उदाहरणावरून कळते.

दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींच्या नोंदी व निगेसाठी 1976 साली लंडनमध्ये एक धर्मादाय संघटना स्थापन झाली. सुरतेसारख्या ठिकाणच्या कबरी हाच तिच्या आस्थेचा विषय आहे. भारतात 1984 साली इंटॅक हा राष्ट्रीय न्यास निघाला आणि ऐतिहासिक वास्तूंबरोबर नैसर्गिक वारसाही त्याने आपल्या कक्षेत घेतला. सुरतेत नेचर क्लब ही संस्था पक्षी, पाणथळ जागा व लोकशिक्षण यांसाठी काम करते, आणि गवियर तलावाच्या जतनाशी तिचे नाव जोडलेले आहे. संक्रांतीच्या दिवसांत पतंगाच्या मांज्याने जखमी झालेल्या पक्ष्यांसाठी गुजरातेत 2017 पासून ‘करुणा अभियान’ चालते. त्यात सरकारी खात्यांच्या बरोबरीने स्वयंसेवक राबतात. पांजरापोळीची जुनी दया येथे नव्या रूपात दिसते.

सरकार आहे, कायदा आहे, मग अशा संस्था कशाला, असे कोणी म्हणेल. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास 2010 च्या दुरुस्त कायद्याने मनाई आहे. ही मनाई आवश्यकच आहे. परंतु घुमटाच्या भेगेत उगवलेले पिंपळाचे रोप वेळीच उपटणे कायद्याला जमत नाही. त्यासाठी लक्ष ठेवणारा माणूस लागतो.

शास्त्राची साक्ष

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने मनुष्यास बागेत ठेवले, ते दोन कामांसाठी. एक मशागतीचे, दुसरे राखणीचे. राखणीसाठी मूळ हिब्रूत ‘शामार’ हे क्रियापद आहे. काईनाने आपण भावाचे राखणदार आहोत काय, असे विचारले तेव्हाही हेच क्रियापद येते. अहरोनी आशीर्वादात परमेश्वर आपल्या लोकांचे रक्षण करो असे म्हटले आहे, तेथेही हेच आहे. म्हणजे बाग राखणे, भाऊ राखणे आणि देवाने आपल्यास राखणे यांसाठी शास्त्राने एकच शब्द वापरला. बाग राखणाऱ्याने भावाकडे दुर्लक्ष केले तर शास्त्र त्याला दोष देते. पण भावाच्या नावाखाली बाग उजाड करण्याची परवानगीही ते देत नाही. वेढा घातलेल्या नगराभोवतीची फळझाडे तोडू नयेत आणि घरट्यातील पिलांवर बसलेली मादी धरू नये, हे अनुवादातील नियम (20:19 व 22:6) याच विचारातून आले आहेत.

स्मारकांविषयी शास्त्र दोन बाजूंनी बोलते. अब्राहामाने परक्या देशात मकपेलाची गुहा फुकट घेण्याचे नाकारून चारशे शेकेल रुपे मोजले. मृतांच्या जागेस त्याने किंमत दिली. उलट मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू येशू संदेष्ट्यांच्या कबरी शृंगारणाऱ्यांची कडक कानउघाडणी करतो, कारण त्यांनी कबर राखली आणि संदेश मारला. सुरतेच्या घुमटांना हा इशारा लागू पडतो. जुनी वास्तू राखावयाची ती पूर्वजांच्या बढाईसाठी नव्हे. त्यांच्या गुणदोषांची खरी साक्ष पुढच्या पिढीपुढे राहावी म्हणून राखावयाची.

राहिला गरिबांचा प्रश्न. तो बेथानीतील सुगंधी तेलाच्या प्रसंगी यहूदाने विचारला होता, एवढे म्हणून तो झटकून टाकणे योग्य नव्हे; प्रामाणिक माणसेही तो विचारतात. याचे उत्तर सुरतेनेच दिले आहे. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. नदीला पसरण्यास जागा उरली नाही, तळी बुजली, ओढे आवळले, की पाणी प्रथम खोलगट भागातील गरिबाच्या घरात शिरते. धनिकाला वरचा मजला असतो. म्हणून तळे राखण्यास दिलेला रुपया गरिबाच्या ताटातून काढलेला असतो असे नाही. कित्येकदा तो त्याच्या उंबऱ्याशी घातलेला बांध असतो. तरीही जेथे दोन्हींसाठी पैसा पुरत नाही तेथे भुकेल्याचा हक्क पहिला, यात संशय नाही. राखणीचे दान हे अन्नदानाची जागा घेण्यासाठी नसून त्याच्या शेजारी बसण्यासाठी आहे.

आपल्याला काय करता येईल

धर्मगुरू, पाळक व धर्मशिक्षक यांनी आपल्या मंडळीपुढे पुढील गोष्टी ठेवाव्यात असे सुचवावेसे वाटते. वार्षिक अंदाजपत्रकात राखणीसाठी एक लहान पण कायमचा वाटा असावा. महाजनाच्या लाग्याप्रमाणे तो दरवर्षी न चुकता निघावा. नवे बांधकाम काढताना त्याच्या निगेची रक्कम आरंभीच वेगळी ठेवावी. आपल्या दफनभूमीतील जुन्या शिळांची अक्षरे तरुणांकडून वहीत उतरवून घ्यावी आणि तेथील जुनी झाडे, त्यांवरील घरट्यांसह, विनाकारण तोडू नयेत. बाहेरच्या संस्थेस देताना ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे काय, तिचे हिशेब तपासलेले आहेत काय, हे विचारण्यात संकोच मानू नये. संस्था आपल्या धर्माची नाही म्हणून तिला वगळू नये. आपल्या कबरी ज्यांनी राखल्या, तेही आपल्या धर्माचे नव्हते.

धर्मशिक्षकांना आणखी एक संधी आहे. सुरतेत राहणाऱ्या मराठी मुलांना घेऊन ते कतारगाम दरवाज्याकडे एकदा जाऊ शकतात. शिवाजी महाराजांच्या स्वारीत वाचलेल्या दलालाच्या घराची, धर्मगुरूच्या पत्नीच्या शिळेची आणि त्या कासवाची हकीकत तेथे सांगता येईल. मुले विचारतील की हे सगळे आता कोण सांभाळतो. त्या प्रश्नाचे उत्तर देताना आपल्या मंडळीचे नाव घेता यावे, इतके तरी आपण करावे.